पत्रातली शेवटून दुसरी ओळ

आदरणीय बाई,

जय ख्रिस्त. मी ३६ वर्षांची. माहेर नगरचं, आता निगडीला राहते. भोसरीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स आणि स्टोअरच्या नोंदी बघते. गेल्या उपवासकाळात मंडळीच्या आत्मिक शिबिराला गेले आणि तिथं ठरवलं, की यापुढे रोजच्या प्रत्येक गोष्टीत प्रभूला पहिलं स्थान द्यायचं. तेव्हापासून पहाटे साडेचारला उठून तासभर पवित्र शास्त्र वाचते. दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा दहावा हिस्सा, पूर्ण पगारावर काढते. त्यामुळं आईच्या औषधांना दरमहा पाठवायचे ते चार हजार सध्या थांबवलेत. वडील गेल्यापासून आई भावाकडे आहे, ते दोघं बघतात. टिकली लावायची सोडली. श्रावणात ऑफिसात सत्यनारायण झाला, तेव्हा हातावर ठेवलेला शिरा मी नंतर डस्टबिनमध्ये टाकला. शिपाई मावशींनी ते पाहिलं, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. येत्या खंडेनवमीला मशिनची पूजा आहे, रजा टाकू का? मिस्टर चर्चला नाताळ आणि इस्टरलाच येतात, त्यावरून घरात वाद होतात. मुलाचा क्रिकेटचा क्लास रविवारी सकाळी असतो, तो बंद करू का? मी स्वतः रविवार चुकवत नाही. स्वयंपाकाच्या ताई रविवारीही सातला येतात, म्हणून साडेआठच्या उपासनेला निवांत जाता येतं, ही प्रभूचीच सोय. रोज सकाळी स्टेटसला वचन ठेवते, त्यावर ऑफिसातले हसतात. कधीकधी न आलेल्या मालाच्या जीआरएनवर सही करावी लागते, पण ते सगळीकडेच चालतं. मी प्रभूला खरंच पहिलं स्थान देतेय का, आणि अजून काय करायला हवं, ते सांगा.

— तुमची एक वाचक

जय ख्रिस्त, मुली.

तुझं मूळ पत्र सहा पानांचं. तुझ्या परवानगीनं, ओळख पटेल असं सगळं गाळून ते वर आटोपशीर दिलं आहे. मूळ पत्रात तू शिऱ्याला पाऊण पान दिलं होतंस, टिकलीला अर्धं, मिस्टरांना तर दीड. जीआरएनला एक ओळ. तीही अगदी शेवटी, पाहुण्यानं उंबऱ्यावर चप्पल घालता घालता खरं काम सांगावं तशी.

बत्तीस वर्षं शाळेत घालवल्यावर हातातलं लाल पेन सुटत नाही. तुझ्या पत्रात मी एकाच ओळीखाली रेघ मारली, ती या ओळीखाली.

ज्यांचा कंपनीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. माल फाटकातून आत आला, मोजला, बरोबर भरला, की स्टोअरमध्ये त्याची जी पावती करतात ती जीआरएन. त्या सहीच्या जोरावर पुरवठादाराचं बिल मंजूर होतं, आणि त्या बिलात दाखवलेल्या जीएसटीची वजावट कंपनी स्वतःच्या करातून घेते. माल आलाच नाही आणि पावती मात्र झाली, तर कागदावर लोखंड असतं आणि रॅकवर हवा. वजावट मिळते ती खरी रक्कम. तिचा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे तुझ्यामाझ्या आणि त्या शिपाई मावशींच्या साबणाच्या वडीवरच्या करातला.

नुसतं बिल फाडून मालाशिवाय वजावट घेणं हा जीएसटी कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हा आहे. रक्कम पाच कोटींच्या वर गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या कंपनीचा आकडा एवढा नसेलही. पण उद्या तपासणीला कोणी आलं तर मालक म्हणतील, ‘स्टोअरची सही बघा.’ आणि सही तुझी आहे.

कायद्याची भीती घालायला मी हे लिहिलेलं नाही. शिबिरात तुम्हाला जे वचन दिलं असेल, ते मी डोळे मिटून सांगते: ‘तर तुम्ही पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा.’ मत्तय ६:३३. आपल्या निम्म्या घरांत ते भिंतीवर टांगलेलं आहे. त्यात शब्द दोन आहेत, राज्य आणि नीतिमत्त्व. पहिला आपण गातो, दुसरा घाईत गिळतो. आणि येशूनं तो शब्द उच्चारला तेव्हा ऐकणारे ‘काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे’ या विवंचनेतले लोक होते. म्हणजे पगार, किराणा, फी, हप्ता. ‘पहिल्याने’ हा शब्द तिथला आहे, त्या हिशेबाच्या मधोमध बसलेला. पहाटे साडेचारच्या शांततेतून तो उचललेला नाही.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि अगदी तुझाच प्रश्न विचारतात: आम्ही काय करावे? जकातदार म्हणजे तेव्हाचं सगळ्यात बदनाम खातं. योहान स्वतः वनमध खाणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा वैरागी. तो त्यांना उपवास सांगेल, नोकरी सोडा म्हणेल, असं आपल्याला वाटतं. तो काय सांगतो? ठरवून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. बस. मग सैनिक येतात, त्यांनाही तेच. कोणाला धाकदपटशा करू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधान माना. इतक्या मोठ्या संदेष्ट्यानं या माणसांना थेट त्यांच्या खातेवहीवर आणि हजेरीच्या जागेवर नेऊन उभं केलं. मला तो अध्याय फार आवडतो आणि तितकाच गैरसोयीचा वाटतो.

गैरसोयीचा का, तेही सांगते, नाहीतर तू म्हणशील बाई व्यासपीठावरून बोलतात.

मी एका शाळेत असताना पोषण आहाराचं रजिस्टर माझ्याकडे होतं. वर्गात पोरं एक्केचाळीस असली तर मी अठ्ठावन्न लिहायची. तसं लिहायला वरून सांगितलेलं होतं. जास्तीच्या सतरा पोरांच्या खिचडीचा तांदूळ कुठं जायचा ते मला माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं करायलाही येत होतं. दोन वर्षं सही केली. त्याच दोन वर्षांत मी आमच्या मंडळीच्या गायकगटात होते, रविवारी मुलांची शब्बाथशाळा घेत होते, एका नाताळात ‘प्रामाणिक कारभारी’ या विषयावर महिला मंडळात बोललेसुद्धा. कोणी हसलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं. तुला वाटत असेल आता मी सांगणार, की एके दिवशी प्रभूनं मला जागं केलं आणि मी रजिस्टर आपटून उभी राहिले. तसं झालं नाही. माझी बदली झाली. नव्या शाळेत ते काम दुसरीकडे होतं, एवढंच. पुढे अकरा वर्षांनी मी ते आमच्या पाळकसाहेबांपाशी बोलले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘त्या सतरांपैकी कोणी उपाशी होतं का, हे तुम्ही कधी पाहिलंत?’ पाहिलं नव्हतं. ती नावं कोणा मुलांची नव्हतीच, असं मी धरून चालले होते. वास्तविक त्यातली काही पटावरची मुलं होती, जी शाळेतच येत नव्हती, आणि का येत नाहीत हे बघायला कोणीतरी त्यांच्या घरी जायला हवं होतं. रजिस्टरवर ती रोज जेवत होती, त्यामुळं कोणी गेलं नाही.

म्हणून ‘सगळीकडेच चालतं’ हे वाक्य मी ओळखते. माझंच आहे ते.

आता कामाचं बोलू. उद्या राजीनामा देऊ नकोस. तुमच्या घराचा हप्ता आहे, मुलांची फी आहे, हे तू लिहिलं आहेस. विश्वासाच्या भरात दिलेला राजीनामा पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी पगारावर पडतो, इथं तो मिस्टरांच्या पगारावर पडेल. आधी त्यांना सांग. सहा पानांत तू कुठंही लिहिलेलं नाहीस की त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. चर्चला न येणारा माणूस या बाबतीत तुझ्या बाजूनं उभा राहील असा माझा अंदाज आहे, आणि तसं झालं तर घरातल्या निम्म्या वादांची हवा निघेल.

मग साहेबांशी बोल. एकटीनं, दार लोटून, आवाज न चढवता. ‘माझ्या धर्मात बसत नाही’ असं म्हणू नकोस. ती गोष्ट धर्माची केलीस, की ते तुला ‘ती आमची सोवळी बाई’ म्हणून बाजूला बसवतील आणि सही शेजारच्या टेबलवरच्या पोराकडून घेतील. सरळ सांग, ‘माल बघितल्याशिवाय जीआरएन करणार नाही. सही माझी आहे, उद्या मलाच विचारतील.’ हे कोणत्याही धर्माच्या माणसाला कळतं. दुसऱ्या दिवशी तेच दोन ओळींत मेल कर. धमकी नको, नुसती नोंद: यापुढे माल आणि चलन दोन्ही पाहूनच पावती करीन. जुन्या सह्यांचं काय, ते एखाद्या सीएला जाऊन विचार, कंपनीचा सोडून दुसरा. मंडळीत एखादा असेलच, आपल्या तरुण संघात आजकाल दोन इंजिनिअरांमागं एक सीए सापडतो. आणि शांतपणे दुसरी नोकरी बघायला लाग. चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की बोलताना आवाज कापत नाही, हा माझा अनुभव.

तुझी नोकरी टिकेल असं आश्वासन मी देणार नाही. शिबिरात कोणी दिलं असेल तर त्यांनी द्यायला नको होतं. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात राजाच्या मूर्तीपुढं न वाकलेली ती तीन पोरं भट्टीसमोर उभी राहून राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवू शकतो. आणि लगेच पुढं म्हणतात, पण नाही सोडवलं, तरीही. त्या ‘तरीही’वर माझा विश्वास आहे. भट्टीतून सुखरूप बाहेर आलेल्यांच्या साक्षींचे व्हिडिओ मात्र मी फारसे बघत नाही.

आता दुसरी ओळ, जिच्यावर खरं तर माझं लाल पेन आधी थबकलं होतं. ‘स्वयंपाकाच्या ताई रविवारीही सातला येतात, ही प्रभूचीच सोय.’

पवित्र शास्त्रातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक घे, त्याचा पाचवा अध्याय काढ, चौदावं वचन. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळायची आज्ञा. आपल्याला वाटतं ती आज्ञा ‘उपासनेला जा’ अशी आहे. तिथं उपासनेचा शब्दही नाही. तिथं यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, बैल, गाढव, दाराशी राहणारा परका. आणि कारण दिलं आहे, तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा म्हणून. पुढच्याच वचनात आठवण करून दिली आहे, की तूही मिसरात दास होतास. म्हणजे ज्यांच्याकडून राबवून घेतलं जात होतं, त्यांना सांगितलं जातंय, की आता तुमच्या घरात कोणी तसं राबू नये. तुझ्या रविवारच्या निवांतपणाची किंमत जर दुसऱ्या बाईचा रविवार असेल, तर तू आज्ञेचा एक अर्धा पाळलास आणि दुसरा तिच्याकडून मोडवून घेतलास.

जाता जाता एक. आपण ख्रिस्ती लोक ‘आपला रविवार’ म्हणतो, पण मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणूनही तो सुट्टीचा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. कष्टकऱ्याच्या विसाव्याची मूळ आज्ञा आपल्या शास्त्रात, आणि ती अमलात आणायला जेजुरीच्या देवाचा आधार घेणारा माणूस पुढं यावा लागला. मला हे आठवलं की हसूही येतं आणि थोडं खालीही बघावंसं वाटतं.

ताईंना रविवार सुट्टी दे. पगार कापायचा नाही. शनिवारी रात्री मसालेभात करून ठेव, नाहीतर मिस्टर चर्चला येत नाहीत ना, कुकर लावायला येतो का त्यांना विचार. मुलाच्या क्रिकेटचंही याच्यातच आलं. क्लासवाल्याला शनिवारची बॅच विचार, नसेल तर महिन्यातून दोन रविवार इकडे, दोन तिकडे. दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या हातातून बॅट काढून घेऊन कोणी त्याला प्रभूजवळ आणलेलं मी पाहिलं नाही.

आईकडे वळते. इथं मी कडक बोलणार आहे, आणि आमचे पाळकसाहेब हे वाचून नाराज होतील, कारण मी नऊ वर्षं मंडळीची खजिनदार होते आणि दशमांशाच्या पाकिटांवर चर्चच्या छपराची डागडुजी कशी होते हे मला चांगलं ठाऊक आहे. मार्क ७. परूशी आणि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे धर्मपंडित, आले आहेत आणि येशू त्यांना विचारतो, की आईबापांना ज्याचा उपयोग झाला असता ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून तुम्ही आईबापांसाठी काही करूच देत नाही, हे काय? अर्पण खोटं होतं असं तो म्हणत नाही. तरीही तो त्याला देवाचं वचन रद्द करणं म्हणतो. तुझे चार हजार कुर्बान झालेत, मुली.

आणि दशमांशच नीट वाचायचा तर अनुवाद १४ चा शेवट वाच. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेव्याला म्हणजे देवळाच्या सेवकाला, परक्याला, अनाथाला आणि विधवेला. तुझी आई विधवा आहे. या महिन्यापासून तिचे चार हजार आधी पाठव, आणि थांबवलेल्या महिन्यांचे हप्त्याहप्त्यानं. उरलेल्यातून मंडळीला दे, आणि कमी पडतंय म्हणून पाकिटावर नाव न लिहिता दे. वहिनीला फोन करून ‘तुम्ही बघताय म्हणून बरं चाललंय’ एवढं वाक्य बोल. औषधाच्या पुड्या बांधून देणाऱ्या वहिनीला आपल्याकडे कोणी साक्ष द्यायला उभं करत नाही.

शिरा. इथं मंडळीमंडळीत मतं वेगळी आहेत आणि पौलानंही एका घोटात निकाल दिलेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय लागोपाठ वाच. मूर्ती काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून पानात वाढलेलं खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असं काहीसं दोन्हीकडून त्यानं मांडलं आहे. तुला घ्यायचा नसेल तर घेऊ नकोस. ज्या क्षणी वाटी पुढं येते त्या क्षणी हात जोड, हसून म्हण, ‘मी घेत नाही हो, पण कार्यक्रम छान झाला.’ आपल्या लोकांना नकार समजतो. उपवासाच्या दिवशी अर्धा महाराष्ट्र एकमेकांना नकारच देत असतो. तू घेतलास, आणि मग टाकलास. त्या बाईनं पहाटे उठून रवा भाजला असेल, नसेल, माहीत नाही, पण तिच्या डोळ्यांसमोर तो कचऱ्यात गेला. यात प्रभूला कुठलं स्थान मिळालं ते मला दिसत नाही.

आमच्या आजीची पद्धत सांगते. गावात ख्रिस्ती घरं पाच. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलं की ती ते घ्यायची, पदराआड क्षणभर डोळे मिटायची, आणि आम्हाला वाटून टाकायची. ताट मात्र धुऊन फडताळात ठेवायची. नाताळात त्याच ताटातून करंज्या आणि चकल्या परत जायच्या. ताट रिकामं पाठवायचं नाही, आणि कोणाचं कोणतं हे विसरायचं नाही. तिला करिंथकरांस पत्र वाचता येत नव्हतं.

खंडेनवमीला रजा टाकू नकोस. नामान या कुष्ठरोगी सेनापतीची गोष्ट शब्बाथशाळेत तू शिकवली असशील, पण आपण ती त्यानं यार्देन नदीत सात बुड्या मारल्या तिथंच संपवतो. खरी गंमत पुढं आहे. बरा झालेला नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे मी परमेश्वरालाच भजेन, पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढी क्षमा असावी. अलीशा त्याला परवानगी देत नाही, मनाईही करत नाही. म्हणतो, ‘शांतीने जा.’ (२ राजे ५.) तुला तर वाकायचंही नाही. मशिनवर काम करणाऱ्या पोरांच्या आनंदात शांतपणे उभी राहा, आरतीला मागं थांब, नंतर पेढे येतील तेव्हा वर सांगितलं तसं कर. वर्षभर ज्या मशिननं कोणाचं बोट कापलं नाही, तिच्यासमोर उभं राहून मनातल्या मनात आपल्या प्रभूचे आभार मानायला कोणाची हरकत आहे?

टिकलीचा विचार मी फार करणार नाही. आमच्या मंडळीत काळी पोत घालणाऱ्या आहेत, न घालणाऱ्या आहेत, दोघी एकाच बाकावर बसतात. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तरी त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या धर्मभगिनींना ते खटकत होतं. रमाबाईंना ठाऊक होतं, की प्रभूनं आपल्याकडे काय मागितलं आहे आणि काय मागितलेलं नाही. पुढे केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली तेव्हा दुष्काळातल्या मुलींना आधी जेवायला घातलं. पानात काय आहे त्यापेक्षा पान कोणापुढं आहे, याची चौकशी त्यांनी जास्त केली.

मला कळतं, या खुणा तुला का महत्त्वाच्या वाटतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण शंभरात एक पुरतेही भरलो नाही. एवढं थोडं असलं की माणूस कपाळ, ताट, स्टेटस यांतून ‘मी कोण’ हे सांगत राहतो, नाहीतर विरघळून जाऊ अशी धास्ती असते. मीही त्यातच वाढले. पण भोसरीतल्या त्या ऑफिसात तू ख्रिस्ती आहेस हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. सकाळी सहाला स्टेटसवर वचन आणि अकराला जीआरएनवर सही, हे दोन्ही बघणारा एखादा तरी तिथं असणार. तो कशाला हसतो ते एकदा तपासून बघ. काही दिवस स्टेटस रिकामं ठेवलंस तरी चालेल.

पहाटेचं वाचन चालू ठेव, पण साडेचारला उठून साडेसातला पोरांवर खेकसत असशील (चौथ्या पानावर तू तसं लिहिलं आहेस) तर साडेपाचला ऊठ. एक स्तोत्र कणीक मळताना पुरतं.

राहता राहिले मिस्टर. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००मध्ये. मधली पाच वर्षं आपण दोन ओळींत उरकतो, पण एवढा मोठा कवी, एवढा तापट माणूस, आणि त्याच्या विश्वासाबाहेर राहिलेली बायको, ही काय ओढाताण असेल याचा विचार कर. काही काळ ती दोघं वेगळी राहिली, मग एकत्र आली, आणि एकत्र आल्यावरही ती आपलं सोवळंओवळं सांभाळत होती. तिला रविवारी ओढत देवळात नेलं असतं तर मराठीला ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्या लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या. तुझे मिस्टर तर बाप्तिस्मा झालेले आहेत, नाताळला येतात, इस्टरला येतात, आणि तू दीड पानात एकदाही लिहिलेलं नाहीस की ते खोटं बोलतात, पितात किंवा हात उगारतात. रविवारी सकाळचा वाद या आठवड्यापासून बंद. त्याऐवजी त्यांना जीआरएनचं सांग. तुला उपदेश करताना नाही, घाबरलेली त्यांनी कधी पाहिलंय तुला?

सोमवारी ऑफिसला जाशील तेव्हा साहेबांच्या केबिनआधी शिपाई मावशींकडे जा. भाषण नको. ‘त्या दिवशी मी चुकले, तुम्हाला वाईट वाटलं असेल’ एवढंच. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात वेदीवरचं दान तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जा म्हटलं आहे, तेव्हा सहीचं बोलणं दहा मिनिटं उशिरा झालं तरी चालेल. त्या कदाचित लगेच बोलणार नाहीत. चहा तरी त्यांच्या हातचा मागून घे.

मेलला साहेबांचं काय उत्तर आलं ते कळव. आणि आईला औषधं कोणती चालू आहेत तेही लिही, सहा पानांत ती नावं कुठंच नव्हती.

तुझी,
बाई